न विचारता प्यायचं पाणी

माझा आवाज मोठा आहे. धुळ्याच्या बस स्टँडवर मी नियंत्रक होतो. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांची हजेरी घ्यायची, उशिरा आलेल्या गाडीचा राग प्रवाशांकडून ऐकून घ्यायचा आणि तो ड्रायव्हरवर काढायचा, असं माझं आयुष्य गेलं. माइक बंद पडला तरी माझं काम अडायचं नाही. घरी जेवताना मी मीठ मागितलं की शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून विचारायच्या, पाठवू का म्हणून. बायको वैतागायची. "तठे स्टँड शे, आठे घर शे. जरा हळू बोला." ती अमळनेरकडच्या खेड्यातली. शहरात इतकी वर्षं काढली, पण घरात तिने अहिराणी सोडली नाही. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आता हळू बोला म्हणणारं कोणी नाही, आणि ज्याच्याशी मोठ्याने बोलावं असंही कोणी नाही.

अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. खानदेशात लेकी माहेरी येतात त्या अखाजीला. माझी एकुलती एक लेक पुण्याला असते, तिथे तिची नोकरी, नवऱ्याची नोकरी, मुलांच्या शाळा. तरी उन्हाळ्यात आठ दिवस ती यायचीच. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात माणूस काही धुळं बघायला येत नाही, ती आईसाठी यायची. मायलेकी दुपारभर जमिनीवर आडव्या पडून बोलायच्या आणि मी पेपराआडून म्हणायचो, "पोरांना आवरा." माझा वाटा एवढाच.

त्यामुळे यंदा मनात एकच धास्ती होती. यंदा ती येणार, कारण आईच्या नावाने पितरांची पहिली घागर भरायची होती. पण पुढच्या वर्षी? आई नसलेल्या माहेरी कोण कशाला येईल? पेपराआड बसणाऱ्या म्हाताऱ्यासाठी? म्हणून मी ठरवलं होतं की या आठ दिवसांत असं वागायचं, की पोरांनीच पुढच्या वर्षी आईला ओढून आणलं पाहिजे. ओरडायचं नाही, हे तर कॅलेंडरवर लिहूनच ठेवलं होतं.

लेक पोरांना घेऊन अखाजीच्या तीन दिवस आधी आली. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. आल्या आल्या नातू चपला न काढता मागच्या पडवीत पळाला आणि तसाच परत आला.

"आबा, माठ कुठे गेला?"

पडवीत आजीचा माठ असायचा, खाली तिवई, वर पितळी झाकण, झाकणावर स्टीलचा ग्लास. थंडीत तो तडकला, मी फेकून दिला. एकट्याला माठ कशाला? मी म्हटलं, "फुटला. फ्रिजमध्ये बाटल्या आहेत. पण विचारून घ्यायचं. आपल्याकडे नळाला पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, पुण्यासारखं नाही." मग ती दोघं दिवसभर येऊन विचारत राहिली. "आबा, पाणी घेऊ?" मी घे म्हणायचो. मला वाटायचं, काय वळण लावलंय मी.

ते तीन दिवस मात्र मजेत गेले, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या एका कंडक्टर मित्राने निवृत्त होताना तिकिटं पंच करायचा जुना चिमटा मला दिला होता. तो नातवाच्या हाती लागला. हॉलमधल्या खुर्च्या, स्टुलं, उशा यांची बस तयार झाली. नात ड्रायव्हर, नातू कंडक्टर आणि मी नियंत्रक. "अमळनेरमार्गे चोपड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," असं मी पुकारलं की दोघं किंचाळायची. पारोळ्याला नात उतरून किल्ला बघून यायची. किल्ला म्हणजे दिवाण. अक्कांनाही एकदा ओढून बसवलं, त्या बिचाऱ्या गुडघे धरून चोपड्यापर्यंत जाऊन आल्या. घरातल्या कागदाच्या एकाही तुकड्याला भोक पडायचं राहिलं नाही. माझ्या हयातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सला अकरा भोकं पडली. आता पेन्शनवाल्यांना मी कितपत जिवंत आहे असं सांगायचं, हा प्रश्नच होता. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. कॅलेंडरकडे बघून गप्प बसलो.

कूलरची टाकी त्यांनी एका सकाळी रिकामी केली, त्या पाण्याने पडवीतला कडुनिंब धुऊन काढला, खोडासकट. वाळवणाच्या कुरडया कच्च्याच खाल्ल्या. बनियनवर पेनने माझं नाव आणि हुद्दा लिहिला. दुपारी दोघं माझ्या दोन्ही बाजूंना झोपायची, घामेजलेली, पाय माझ्या पोटावर टाकून. मला झोप यायची नाही आणि पायही बाजूला करवायचे नाहीत. बायको असती तर हे पाय तिच्या पोटावर असते, असं मनात यायचं. तिच्या जागेवर मी चोरून झोपलोय असं वाटायचं.

अखाजीच्या दिवशी लेक पहाटेच उठून पुरण वाटायला बसली. घागर कशी मांडायची ते मला ठाऊक नव्हतं. दरवर्षी माझ्या आई-वडिलांची घागर बायकोच भरायची, मी फक्त अंघोळ करून हात जोडायला यायचो. अक्का आल्या, त्यांनी पूर्वेच्या कोपऱ्यात गव्हाची रास घातली, त्यावर नवी कोरी मातीची घागर काठोकाठ भरून ठेवली, तोंडावर डांगर ठेवलं. डांगर म्हणजे खरबूज. बायकोला फार आवडायचं. बाजारात ते नाकाला लावून वास घेतल्याशिवाय ती पुढे सरकायची नाही. अक्कांनी मला बजावलं, "भाऊ, पितरेसनी घागर शे. सांजलोंग तिले कोनी हात नही लावानं." मी मान डोलावली. गाडीची वेळ सांभाळावी तशी मी ती घागर सांभाळणार होतो.

नैवेद्याची पानं वाढायला लेकीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. पाच मिनिटांत परत आलो तर डांगर जमिनीवर होतं, आणि नातू घागरीत कोपरापर्यंत हात घालून ग्लास बुडवत होता. एक ग्लास पिऊन झाला होता. गव्हाची रास पसरली होती, शर्ट ओला होता.

मी ओरडलो. तीस वर्षांचा सगळा स्टँड माझ्या गळ्यातून बाहेर पडला. "अक्कल आहे का तुला? आजीचं पाणी आहे ते! उष्टं केलंस! विचारायचं म्हणून सांगितलं होतं की नव्हतं?" माझा हात वर गेला होता. मी मारलं नाही, पण हात वर गेला होता, आणि त्याने तो पाहिला.

त्याच्या हातून ग्लास पडला. तो भिंतीला टेकला आणि इतक्या हळू बोलला की मला वाकावं लागलं.

"आजीने सांगितलंय," तो म्हणाला, "तीस लागनी का पी लेवानं, इचारानं नही."

तीस म्हणजे तहान. पुण्याच्या इंग्रजी शाळेतलं पोर ते. त्याला अहिराणीतलं दुसरं एक वाक्य येत नाही. हे वाक्य मात्र तिच्याच हेलात आलं, शेवटचा शब्द तसाच जरा ओढून. माठासमोर उभं करून तिने ते त्याला शिकवलं असणार, बहुधा माझ्याच पाठीमागे. तहान लागली तर पोराने माझी परवानगी मागावी, हे तिला कधी चाललंच नसतं. मला तिची फार आठवण आली. तिच्या नातवाला तिच्याच पाण्यापासून मी हाकललं होतं.

लेक दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. खाली पडलेला ग्लास तिने उचलला, धुतला, घागरीत बुडवला आणि उभ्याउभ्या गटागटा प्यायली. मग नातीला दिला. मग पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "घ्या, आबा." तिचे डोळे भरले होते.

मी तो ग्लास घेतला नाही. का, ते आजही धड सांगता येत नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी आणखी ताठ होतो. अक्का काय म्हणतील असं काहीतरी पुटपुटत मी पडवीत जाऊन उभा राहिलो. आतून नातवाचा आवाज आला, "मम्मा, आपण पुण्याला जाऊ ना." तेच एक वाक्य ऐकू येऊ नये म्हणून मी इतके दिवस जपत होतो.

आठ दिवसांचं ठरलं होतं, पाचव्या दिवशी ते निघाले. लेक म्हणाली, मुलांचं शिबिर लवकर सुरू होतंय. मी बरं म्हटलं. शिबिराचं आधी कोणी बोललं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सोडायला स्टँडवर गेलो. खिडकीत आता माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा बसतो. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. नात म्हणाली, "आबा, आमची गाडी तुम्ही पुकारा ना." त्या मुलाने हसत माइक पुढे केला. मी गळा साफ केला आणि म्हटलं, "मालेगाव, नाशिकमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर उभी आहे." पुढे मला म्हणायचं होतं, माझं चुकलं. पुढच्या अखाजीला या. आईसाठी नाही तर माझ्यासाठी या. माइक हातात होता, अख्खा स्टँड ऐकत होता, आणि मी म्हटलं, "प्रवाशांनी आपलं सामान तपासून घ्यावं." माइक ठेवून दिला.

गाडी निघाली. नात हात हलवत होती. नातू पलीकडच्या खिडकीशी होता, तो दिसला नाही. मी आयुष्यभर गाड्या रवाना केल्या, पण गाडी गेल्यावर फलाट किती रिकामा होतो ते खिडकीतून कधी कळलं नव्हतं.

घरी येऊन गहू गोळा केले. खुर्च्या परत जागेवर लावल्या. दिवाणाखाली चिमट्याने पाडलेल्या कागदाच्या टिकल्या अजून सापडतात, त्या मी झाडत नाही. घागरीतलं उरलेलं पाणी निंबाला घातलं. अक्का म्हणाल्या, आता ही रोजच्या वापराला काढा, नवी शे, पाणी गार ऱ्हाईन. मी तिवईवर ठेवून पाच-सहा दिवस भरली, लेकीलाही फोनवर सांगितलं की आता हाच माठ. पण एका माणसाचं पाणी ते किती. मी दोन ग्लास प्यायचो आणि उरलेलं ओतून द्यायचो. मग कंटाळा आला. घागर पडवीत पालथी घातली आणि पुन्हा बाटलीवर आलो.

लेकीचा फोन दर रविवारी येतो. औषधं घेतली का, डबेवाल्या बाई येतात का, बीपी तपासलं का. मी सगळ्याला हो म्हणतो. पुढच्या वर्षाचं ती काढत नाही आणि मी विचारत नाही. नात थोडं बोलायची. नातू फोनवर यायचाच नाही. खेळतोय, अंघोळीला गेलाय, असं लेक सांगायची.

जून संपताना एका रविवारी फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मी हॅलो हॅलो करत होतो, माझ्या नेहमीच्या आवाजात, मग एकदम थांबलो आणि हळू म्हटलं, "कोण आहे?"

"मी," नातू म्हणाला.

मी फोन कानाशी घट्ट धरला. तोच म्हणाला, "आबा, माठात पाणी आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"फुल आहे?"

"काठोकाठ."

"रोज भरून ठेवा," तो म्हणाला. "आम्ही आलो ना, तर मी तुम्हाला विचारणार नाही."

"नको विचारू," मी म्हटलं. "तुझ्यावर ओरडलो, ते माझं चुकलं बाळा."

"ओके," म्हणून त्याने फोन आईला न देताच ठेवून दिला. 'आलो तर' म्हणाला होता. येऊ असं म्हणाला नव्हता, हे माझ्या लक्षात आहे.

पोराशी मी खोटं बोललो होतो. उठून पडवीत गेलो. पालथी घागर सुलटी केली, आत कोळ्याने घर केलं होतं ते काढलं, नारळाच्या शेंडीने घासली. नळाचा दिवस नव्हता, म्हणून पिंपातलं पाणी तांब्या-तांब्याने भरलं, अगदी काठापर्यंत. कपाटातून तिचं पितळी झाकण काढून वर ठेवलं. तिवई उंच वाटली म्हणून काढून टाकली, खाली पाट ठेवला, सहा वर्षांच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर. मग मला तहान लागली. त्या दिवशी लेकीच्या हातून न घेतलेला तो ग्लास मी घागरीत बुडवला आणि कोणाला न विचारता प्यायलो. पाणी अजून गार व्हायचं होतं.