कडीचा आवाज

किल्लीवाल्यापुढं गावातलं कुठलंही कुलूप नांगी टाकायचं. घरातल्या पिंजऱ्याच्या कडीपुढं मात्र त्यानं हात टेकले होते. कडी खट् वाजली की आतला कुत्रा वेडापिसा होऊन गजांना दात लावायचा. पहिल्याच दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं.

कुत्रा सहा वर्षांचा, भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला. मोकळा सोडून जावं तर खिडकीवर झेप घ्यायचा, आणि खिडकी तिसऱ्या मजल्यावर. किल्लीवाला आणि त्याची बायको, दोघंही कामावर जाणारी. निवाऱ्याच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "रविवारी येते. पिंजऱ्यात अर्धा तास एकटा राहिला तर तुमचा, नाहीतर नेते. एकदा परत आलेला आहेच. पुन्हा आला तर कुणी घेणार नाही."

बायको त्याला 'पाहुणे' म्हणायची. "पाहुण्यांना जीव लावू नका," असं नवऱ्याला बजावायची आणि स्वतः त्यांच्या पाण्यात बर्फ घालायची.

बुधवारी किल्लीवाल्यानं अक्कल पाजळली. कडी कानशीनं घासली, तेल दिलं, आतून चामडं चिकटवलं. पिंजऱ्यात झोपलेल्या कुत्र्यावर दार लागलं, हूं नाही की चूं नाही. स्वारी खूश होऊन चहा प्यायला बसली.

कुत्र्याला जाग आली. त्यानं नाकानं दार ढकललं, ते हललं नाही. मग तो असा काही किंचाळला की किल्लीवाल्याच्या हातातला कप सुटला. दार उघडेपर्यंत कुत्र्याचा एक दात मोडला होता. त्यानंतर तो आत जाईना, बाहेरही झोपेना. कधी कोंडलं जाईल याचा नेमच नाही म्हटल्यावर डोळा कसा लागणार?

"तुम्ही फसवलंत त्याला," बायको म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याला मान वर करवेना.

गुरुवारी त्यानं चामडं खरवडून काढलं. दार सताड उघडं ठेवून नुसती कडी वाजवली, आणि पलंगाखाली दडलेल्या कुत्र्याकडे बिस्किटाचा तुकडा सरकवला. असं दिवसभर. शुक्रवारी कुत्रा आत शिरला. खट्, बंद. लगेच खट्, उघडं. मग पाच श्वासांनी. शनिवारी चहा उकळेपर्यंत. "लागते तीच उघडते रे," तो पुटपुटायचा, आणि दर वेळी त्याचं लक्ष त्या मोडक्या दाताकडे असायचं.

रविवारी बाईंसमोर त्यानं कडी लावली. तिघं जिन्यात जाऊन थांबले. दहा मिनिटं झाली, आतून आवाज नाही. किल्लीवाल्याची पाचावर धारण बसली. मान अडकली असेल गजांत. तो वळला तसं बायकोनं त्याचं मनगट धरलं.

अर्धा तास भरला. चाळीस वर्षं लोकांची दारं उघडणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारात किल्ली घालता येईना. शेवटी बायकोनं उघडलं.

कुत्रा झोपला नव्हता. अंगभर थरथरत, लाळ गाळत तो कडीकडे बघत बसला होता. गजांना त्यानं दात लावला नव्हता.

खट्. तो बाहेर आला आणि किल्लीवाल्याच्या पायांवर अंग टाकून बसला.

"उद्या दुपारी कामावरून येऊन कडी कोण काढणार?" बाईंनी विचारलं.

"मी," दोघं एकदमच म्हणाले.