कमरेचं पिस्तूल आणि मुगाचं पाणी

प्रकाशचंद आणि मी पहूरच्या शाळेत एकाच बस्करावर बसलो. पुढे तो जळगावात सराफ झाला, मी पहूरलाच राहिलो. एकदा वाटेत चोरांनी त्याची गाडी अडवली, त्यानंतर मुलाच्या, संयमच्या, आग्रहाने त्याने पिस्तुलाचा परवाना काढला. मुंगीला वाट करून देणारा हा जैन माणूस सदऱ्याखाली पिस्तूल बाळगू लागला, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. खरं सांगू का, त्यालाही नाही.

शिकवायला होता एक निवृत्त हवालदार. पहिले दोन दिवस गोळीचं दर्शनच नाही. बोट कुठे ठेवायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, गाडीत ठेवून उतरायचं नाही, दाखवायचं तर नाहीच, हेच चाललेलं. शेवटी हवालदार म्हणाला, "शेठजी, हे कमरेला असेल तेव्हा प्रत्येक भांडण हरायचं."

याने ते वहीत उतरवून घेतलं. पुढे एका रिक्षावाल्याने स्वतःच धडक देऊन वर याच्या बापाचा उद्धार केला, तर हाच हात जोडून म्हणतो, चुकलं भाऊ. मी बघतच राहिलो. हत्यार आल्यावर माणूस असा मऊ होतो?

गेल्या पर्युषणात धनकुंवर वहिनींनी अठाई केली. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. नवव्या सकाळी जळगावच्या जैन स्थानकात साध्वीजींचा मांगलिक पाठ ऐकायचा आणि नवऱ्याच्या हातून मुगाच्या पाण्याचा पहिला घोट घेऊन उपास सोडायचा. पण पहूरच्या एका गिऱ्हाइकाची लेक त्याच दिवशी सासरी निघालेली, तिचा हार पोहोचवायचा शब्द याने दिलेला. पहाटेच येऊन हार दिला, मलाही गाडीत घातलं. परतताना रस्त्यात ट्रक आडवा, तासभर गेला. दुकानी न जाता थेट स्थानक गाठलं आणि फाटकात याचा हात कमरेला गेला.

आत हत्यार नेता येत नाही. गाडीत ठेवता येत नाही. मी म्हटलं, दे माझ्याकडे. तो दोन पावलं मागे सरला. तुझ्या हातात दिलं तर गुन्हा माझा, म्हणाला. ठेवायची जागा म्हणजे दुकानाची तिजोरी, ती उघडायला दोन्ही चाव्या लागतात, एक याच्याकडे, दुसरी संयमकडे. संयम स्थानकात, फोन बंद.

"भाऊ, मले काही समजत नही," तो म्हणाला.

मी चपला काढून आत गेलो, वहिनींच्या कानावर घातलं. त्या मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन, संयमचा हात धरून स्वतःच बाहेर आल्या.

"तुम्हाला आत येता येत नाही, मला तर बाहेर येता येतं."

त्याने वाटी घेतली, ओठांपर्यंत नेली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"हे कमरेला असताना तुला पाजू?"

"मग काय करायचं?"

"तेच तर कळत नाही."

वहिनी पायरीवर बसल्या. "जाऊन या. सावकाश चालवा."

बापलेक गेले. येणारे-जाणारे विचारत होते, शेठ कुठे? मी काय सांगणार? दाखवायचं नाही, तसं सांगायचंही नसावं. दुकानात काम निघालं, असं म्हणत राहिलो. लोक माझ्याकडे बघत, मग त्या उपाशी बाईकडे, आणि तोंडं वाकडी करत. हवालदाराचं बरोबर, धर्माचंही बरोबर, तरी बाई उन्हात बसलेली. हा हिशेब मला काही जुळेना.

पाऊण तासाने तो आला. कमर मोकळी. सगळे आत गेले, मांगलिक झालं. वाटीतलं पाणी पार गार पडलेलं. गरम करून आणू का, त्याने विचारलं.

"तसंच द्या," वहिनी म्हणाल्या.