स्नेहाच्या नावानं उत्तरं देणारी बाई

ऑनलाइन खेळातून बाहेर काढलं म्हणून तुम्ही मोबाइलवर तक्रार लिहिता आणि लगेच उत्तर येतं, 'नमस्कार, मी स्नेहा. तुमची अडचण मी समजू शकते.' ही स्नेहा कोण असते, हे तुम्ही कधी विचारलंय का?

आमची स्नेहा चाळिशी ओलांडलेली होती. कामरगावहून रोज एसटीनं कारंजाला यायची. तक्रार उघडण्याआधी पीठ मळायला बसल्यासारख्या बांगड्या कोपराकडे सारायची आणि पडद्याला म्हणायची, "बोल माह्या बापा, काय झालं तुले?" मगच वाचायला घ्यायची.

नाव अर्थातच तिचं नव्हतं. कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आम्ही जेवढे बसायचो ते सगळेच स्नेहा होतो. गर्दी वाढली की आमचा मिशीवाला टीम लीडरसुद्धा स्नेहा व्हायचा. एका ऑनलाइन खेळाच्या कंपनीनं मराठी खेळाडूंच्या तक्रारी ऐकायचं काम एका ठेकेदाराला दिलं होतं आणि ठेकेदारानं ते आम्हाला. खेळ गढीचा होता. चौघांनी संघ करायचा, गढी राखायची, चालून येणाऱ्यांना परतवायचं.

तिला स्वतःला तो कधी जमला नाही. कामावर घेतल्यावर आम्हा सगळ्यांना एकदा खेळायला लावलं, तेव्हा ती पहिल्याच हल्ल्यात पडली. "मेले का मी? बरं झालं, सुटले," म्हणाली आणि डबा उघडून बसली. खेळणाऱ्यांना ती सरसकट 'रिकामे' म्हणायची. कोणी घाणेरड्या शिव्या लिहिल्या तर आधी तोंडानं त्याहून सरस शिव्या द्यायची आणि मग नियमाप्रमाणे टाइप करायची, 'आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे.'

मी पत्रकांत वाढलेली मुलगी. वडील बसस्टँडवर उभे राहून चळवळीची पत्रकं वाटायचे, उरलेली घरी यायची, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे कंपनीचं प्रत्येक गोड वाक्य मला खोटं वाटायचं आणि तसं मी मोठ्यानं बोलायची. ती कानावरचा हेडफोन जरा सरकवून म्हणायची, "तू लय भाषण ठोकते वं. आधी त्या पोराले उत्तर दे. क्रांती जेवल्यावर करजो."

उत्तरं देण्याखेरीज तिच्याकडे आणखी एक काम होतं. खेळ बनवणारे लोक दर आठवड्याला पडद्यावर येऊन खेळाडूंशी गप्पा मारायचे. हसरी, तरुण माणसं. 'आम्ही तुमचं ऐकतो, आपण सगळे एक कुटुंब आहोत,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याखाली धावणाऱ्या मराठी ओळी हिच्या असायच्या. शेवटी, खेळ स्वच्छ आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून, लबाडी करताना सापडलेल्यांची यादी जाहीर व्हायची. तीही हीच मराठीत लावायची.

एका आठवड्याच्या यादीत तिनं 'तांड्याचा राजा' हे नाव टाइप केलं. दुसऱ्या दिवशी त्याचीच तक्रार तिच्या पडद्यावरच्या खिडकीत येऊन पडली.

'म्या लबाडी केली नाही,' त्यानं लिहिलं होतं. 'खेळू नाही देलं तरी चालते. पन यादीतून नाव काढा. माह्या संघाले मी चोर वाटून राह्यलो.'

कंपनीच्या यंत्रानं त्याला पकडलं होतं. हा खेळाडू बुरुजावरची जागा कधीच सोडत नाही, त्याचे बाण एका ठेक्यात सुटतात, सबब हा माणूस नसून त्याच्या वतीनं एखादी चोरटी प्रणाली खेळते, असा यंत्राचा निकाल. अशा तक्रारीला तयार उत्तर होतं: 'तपासणी पूर्ण झाली आहे. निर्णय अंतिम आहे.' एक कळ दाबली की काम संपलं.

तिनं कळ दाबली नाही. स्नेहानं प्रमाण मराठीत लिहावं असा नियम असताना तिनं सरळ विचारलं, 'तू जागचा हालत काहून नाही रे?'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'हालता येत नाही ताई.'

मग तो हळूहळू सांगत गेला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला तो. ऊसतोडीला गेला असताना भरल्या ट्रॉलीवरून पडला आणि मानेखालचं अंग गेलं. दातांत काडी धरून तो खेळायचा. संघातल्या तिघांना यातलं काही ठाऊक नव्हतं. 'तिथं मले कोनी बिच्चारा म्हनत नाही,' त्यानं लिहिलं. 'म्हनतात, राजा बुरजावर हाये, आता भेव नाही.'

ती उठून टीम लीडरकडे गेली. तो म्हणाला, "ताई, आपन उत्तर देतो. न्याय देत नाही."

"मंग 'आमी ऐकतो' असं काहून लिवाले लावता?"

त्यानं कुरकुरत प्रकरण वर पाठवलं. वरून निरोप आला की खेळाडूनं स्वतः खेळतानाचा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावा. ज्याला फक्त मान वळवता येते, तो स्वतःचा व्हिडिओ कसा काढणार, हे वरच्यांना सुचलं नाही. खेळाडूला बाहेर भेटायचं नाही हा आमचा सगळ्यात कडक नियम. तिनं शनिवारी डबा बंद करता करता मला विचारलं, "उद्या काय करून राह्यली? मोबाइल चांगला हाये ना तुहा? चाल."

मानोऱ्यापर्यंत एसटी, पुढे पोहरादेवीच्या रस्त्यानं जीप. जत्रेचे दिवस नव्हते, जीप भरायला दुपार झाली. तांड्याच्या टोकाला पत्र्याचं घर, खिडकीशी खाट, खाटेच्या दांडीला वाकवलेल्या तारेत टांगलेला मोबाइल. कंपनीची माणसं येणार म्हणून आईनं त्याची दाढी करून ठेवली होती. हनुवटीवर ताजी ठिपकाभर जखम होती.

त्यानं हिच्याकडे टक लावून पाहिलं. "तुमीच स्नेहा?"

"सध्या मीच."

"मले वाटलं पोरगी असन."

"मले वाटलं राजा असन. मुकुट कुठी हाये?"

तो इतका हसला की दातांतली काडी पडली. आईनं ती धुतली, पुसली आणि परत त्याच्या तोंडात दिली.

त्याचं खातं बंद होतं. म्हणून माझ्या मोबाइलवर सरावाचं मैदान उघडून त्यानं खेळून दाखवलं. काडीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. मान पुढे, मान मागे, बाण सुटला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. श्वासाबरोबर चालायचं ते सगळं. ठेका यायचा तो श्वासाचा. यंत्राला जो माणूस वाटला नाही, तो आमच्यासमोर धापा टाकत होता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या 'तयार' या बटणापर्यंत काडी पोचत नसे. तेवढं आई पदराला बोट पुसून दाबून द्यायची. हिनं स्वतःच्या मोबाइलवर ते सगळं चित्रित केलं आणि मी ते पाहिलं. तिनंही पाहिलं. आम्हाला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

दिसणार कसं? ज्या घरात आंघोळ आई घालते, घास आई भरवते, गालावरची माशी आई हाकलते, तिथं एक बटण आईनं दाबलं तर ते दुसऱ्या कोणी दाबलं असं आपल्याकडच्या कोणाच्या मनात येईल?

निघताना त्यानं अट घातली. व्हिडिओ कंपनीशिवाय कोणी बघायचा नाही. संघानं तर नाहीच. हिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. परतीच्या जीपमध्ये मी अपंगांच्या हक्कांवर बोलत सुटले आणि ती खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "दाढी बाकी चांगली केली माउलीनं."

व्हिडिओ त्याच्या तक्रारीला जोडून वर गेला आणि उत्तर यायला वेळ लागला नाही. 'नव्या पुराव्यावरून हे खाते एकाहून अधिक व्यक्ती हाताळतात असे स्पष्ट झाले आहे. हा नियमभंग आहे. निर्णय कायम.'

तिनं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग टीम लीडरच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, नियम हाये," तो खाली बघत म्हणाला. "एका खात्याले एकच मानूस."

"माय दुसरा मानूस असते काय?"

"कंपनीसाठी असते."

"मंग दर आठवड्याले कुटुंब कोनाले म्हनून राह्यली तुही कंपनी? माह्या हातानं लिवून घेतलं ना ते?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी लहान लेकरं होती. तो चहाला निघून गेला.

नियमाप्रमाणे तिनं तो निकाल स्नेहाच्या नावानं चिकटवून तक्रार बंद करायची होती. तिनं बांगड्या वर सारल्या आणि स्वतःचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'राजा, तुह्या मायचा हात त्याईले परका वाटला. व्हिडिओ म्या काढला होता, चूक माही हाये. तुही नाही, तुह्या मायची त नाहीच नाही.' मग खेळाच्या अधिकृत मराठी गटात, जिथं ती आजवर फक्त कंपनीच्या घोषणा टाकायची, तिथं एक ओळ टाकली: 'तांड्याचा राजा लबाड नाही. मी डोळ्यांनी पाहून आले आहे.' काय पाहिलं ते तिनं लिहिलं नाही. शब्द दिला होता.

टीम लीडरचा चहा संपायच्या आत ती ओळ पुसली गेली होती. तिची खिडकीही बंद झाली. तिनं डबा पिशवीत टाकला, चप्पल घातली. मी तिच्यामागे उठून उभी राहिले, तर माझ्यावरच खेकसली, "उभी काय राह्यली? तकरारी पडून राह्यल्या पाय."

नंतर कळलं की ती तांड्यावर जातच होती. तो लबाड नाही एवढं त्याच्या संघाला सांगायचं तर आता खेळाडू म्हणून गटात शिरायला हवं, आणि गटात लिहायची मुभा गढी राखल्याशिवाय मिळत नाही. म्हणून ही बाई त्याच्या खाटेशी बसून खेळ शिकली. एकदा मी सोबत गेले होते. तो उशीवरून ओरडत होता, "ताई, डावीकून आले! अवो डावी, डावी!" आणि ही, "माह्या डावीकून का तुह्या?" तोवर गढी पडायची. आई दारात बसून दोघांना हसायची. त्या माउलीला हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

शेवटी तिनं एक गढी राखली. त्या मुभेवर तिनं गटात पहिलीच ओळ त्याच्याबद्दल लिहिली. बाहेर काढलेल्या खात्याची चर्चा करणं हाही नियमभंग असतो. तिचंही खातं गेलं. तो तिला म्हणाला, "जाऊ द्या ताई. त्याईनं वाचलं असन त वाचलं असन."

त्याच थंडीत त्याच्या छातीत कफ साठला. दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. मला तिचा फोन आला तेव्हा ती तांड्यावरच होती. म्हणाली, "राजा गेला वं."

आता ती अमरावतीला लेकीकडे असते आणि एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. माझ्याशी बोलते, पण हा विषय काढला की फोन ठेवते. आमचं ऑफिस उठलं. स्नेहाची उत्तरं आता यंत्रच देतं, पूर्वीपेक्षा लवकर आणि पूर्वीपेक्षा गोड. वरच्या मजल्यावर खताची पोती रचली आहेत. तिच्या टेबलाच्या जागी छतापर्यंत थप्पी लागली आहे.

हे लिहायला मी त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. दिलेल्या शब्दाची मी आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "सांग आता. आता त्याले कोन बिच्चारा म्हननार हाये?"

यादी अजून तिथंच आहे. ती कोणालाही उघडता येते, आणि तीत तांड्याचा राजा अजून लबाड आहे. माणसानं तपासल्याशिवाय माणसाला लबाड ठरवू नका, अशी मागणी मी कंपनीकडे करत राहीन. ते माझं काम. तुमच्याकडे मी दुसरं काही मागते. त्याच्या संघातली तिघं कुठंतरी आपल्यातच आहेत. खरी नावं आम्हाला ठाऊक नाहीत. खेळातली नावं ही: नाशिकची मिरची, लातूर एक्सप्रेस, शांत सुभाष. तुमच्या घरात, वर्गात, पानठेल्यावर जो कोणी गढीचा खेळ खेळत असेल, त्याला आज ही नावं विचारा. त्यांच्यापैकी एक जरी सापडला, तर त्याला सांगा की बुरुजावरचा प्रत्येक बाण राजानं स्वतः मारला होता.