पोत्यावरचा हात

दिंडोरी मागे पडली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. नवरात्राची पाचवी माळ. गडाच्या रस्त्याला माणसांची रीघ लागलेली; कुणी अनवाणी, कुणाच्या खांद्यावर झेंडा, कुणाच्या कडेवर पेंगुळलेलं पोर. दोन्ही अंगांना द्राक्षबागांत छाटणी चाललेली. उज्वला आणि तिच्या समोरच्या दारात राहणारी मनीषा पहाटेच नाशिकहून निघाल्या होत्या. मुक्काम वणीला करायचा आणि दुसऱ्या दिवशी सप्तशृंगीच्या पायऱ्या चढायच्या, असा बेत. हे सगळं पुढं मनीषानंच लिहून काढलं.

मागून एक एस.टी. आली आणि पुढं जायची सोडून त्यांच्याच चालीनं चालायला लागली. खिडकीतून झुंबर ड्रायव्हरचं डोकं बाहेर आलं.

"मॅडम, बसा की. स्वतःची गाडी सोडून पायी चालताय, लोक काय म्हणतील आम्हाला?"

"तुझ्या गाडीपेक्षा आधी पोचते म्हणून चालते," उज्वला म्हणाली.

"बायकांना अर्धं तिकीट आहे. तेही नको?"

"देवीकडं अर्धं चालत नाही रे बाबा. हाक गाडी, मागं लाईन लागलीय."

गाडीतल्या बाया हसल्या. झुंबरनं स्टिअरिंगवरून हात काढून गडाच्या दिशेनं नमस्कार केला आणि गाडी पुढं काढली. उज्वला एस.टी.त कंडक्टर. या रस्त्यावरचा एकही ड्रायव्हर तिला ओळख दिल्याशिवाय पुढं जात नव्हता.

आणि खरं तर अर्ध्याचंच कोडं तिच्या डोक्यात सकाळपासून चाललं होतं. नवस बोलताना ती बोलली होती, "माये, शहरात माझं हक्काचं घर होऊ दे आणि माझी आई त्यात राहू दे, मी पायी येईन." घर झालं. आई मात्र राहिली, असं अजून म्हणता येत नव्हतं. देवीनं अर्धंच तिकीट फाडून हातात दिलंय, असं ती मनीषाला म्हणाली. उरलेल्या अर्ध्यासाठीच तर ही चाल होती.

घराची गोष्ट मात्र आनंदाची. लग्न झाल्यापासून उज्वला आणि दीपक पाथर्डी फाट्याच्या पलीकडं भाड्यानं राहिले. दीपक अंबडच्या कारखान्यात. त्याला ते बरं पडायचं, पण उज्वलाची पहिली गाडी भल्या पहाटेची. त्या वेळी रिक्षा मिळायची नाही, मग दीपक तिला झोपेतच स्कूटरवर स्टँडला सोडायचा. पावसाळ्यात दोघंही भिजून चिंब. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की घर घेईन तर स्टँडजवळ, जिथून चपला पायात सरकवल्या की ड्युटी सुरू. लोक म्हणाले, गावाबाहेर मोठं मिळेल, हवा चांगली, शांतता. ती म्हणायची, शांतता मला घाटात रोज फुकट मिळते, मला माणसं पाहिजेत.

शालिमारच्या मागच्या एका गल्लीत जुनी इमारत पाडून नवी बांधली, तिच्यात चौथ्या मजल्यावर एक बेडरूमचं घर मिळालं. दीपकनं आपणहून कागदावर पहिलं नाव तिचं घालायला लावलं. चावी मिळाली त्या दिवशी दोघं रिकाम्या घरात वडापाव खात फरशीवर बसले. बाहेर रिक्षा, भाजीवाले, कुणाची तरी वरात, आणि मधूनच स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्यांची नावं. उज्वला उठून गॅलरीत गेली. खालून कुणीतरी वर बघून, "ताई, नव्या का?" म्हणून विचारलं. तिला त्या क्षणी वाटलं, आपण आलो.

लिफ्टच्या उंबऱ्याला ती अजूनही हात लावून कपाळाला लावते. बसच्या पायरीला लावायची सवय. बिल्डिंगमधली पोरं हसतात, आणि आता त्यातली दोन-तीन स्वतःही तसंच करतात.

आईचं काम मात्र सोपं नव्हतं. चंद्रभागा नामपूरला एकटी. उज्वलाला भाऊ नाही, वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. शेत वाट्यानं दिलेलं. गेल्या थंडीत म्हातारी तापानं फणफणून पडली होती आणि शेजारणीनं दार वाजवेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. उज्वलाची गाडी त्याच दिवशी नामपूरला गेली होती. स्टँडवर बसून ती चहा प्यायली होती आणि वेळ झाली म्हणून घरी न डोकावता परत फिरली होती. तेव्हापासून नामपूरच्या स्टँडवर ती चहा पीत नाही.

पण चंद्रभागा जुन्या वळणाची. लेकीच्या घरी मुक्काम नाही, लेकीच्या घरचं अन्न नाही. उज्वलानं समजावलं, की घर माझ्या नावावर आहे. आईनं अहिराणीत एका वाक्यात निकाल दिला, की घर जावयाचंच.

"कागदवर नाव कोनंबी ऱ्हावो, घर जवाईनंच शे."

वास्तुशांतीला ती आली, तीही एस.टी.च्या टपावर एक बाजरीचं पोतं आणि एक कांद्याची गोणी टाकून. दोन्ही गॅलरीच्या कोपऱ्यात लावून घेतली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की हे माझं, मी माझं खाईन, हे सरलं की मी माझ्या गावाला. भाजी-आमटी तोंडी लावण्यापुरती असते, ती जेवणात धरायची नाही, हा कायदा तिनंच केला. पाण्याचं काय, असं दीपकनं हळूच विचारलं, तर भिंतीकडं बघून म्हणाली, गोदामाईचं पाणी कुणाच्या बापाचं नसतं. जावयाशी ती थेट बोलत नाही. चहा झाला की, "कोणाला पाहिजे असेल तर ठेवलाय," असं स्टोव्हला सांगते. दीपकही मग कपाला सांगतो की चहा झकास झालाय.

आणि गंमत म्हणजे शहर तिला आवडलं. उज्वलापेक्षाही जास्त आवडलं. चौथ्या मजल्यावरून ती भाजीवाल्याशी घासाघीस करायची, आणि एवढ्या उंचावरून तिचा आवाज त्याच्यापेक्षा खणखणीत. संध्याकाळी रविवार कारंज्याच्या गणपतीला जायची आणि येताना कुणाला तरी बोलत बोलत घेऊन यायची. मनीषाच्या सासूला तिनं कांद्याच्या अर्ध्या गोणीची मालकीण करून टाकलं होतं. गॅलरीत बसून स्टँडवरची नावं ऐकायची. मालेगाव झालं, कळवण झालं. पण "नामपूर" असं भोंग्यातून आलं की तिची नजर पोत्याकडं जायची. मग उज्वलाची नजर आईकडं. वर्षानुवर्षं त्याच गाडीत ओरडून माणसं चढवलेल्या बाईला आता त्या गाडीचं नाव ऐकलं की धस्स व्हायचं.

पोतं उतरत होतं. रोज दोन वाट्या बाजरी निघायची.

"मग मी भर घालायला लागले," उज्वला म्हणाली. दोघी एका बागेच्या बांधावर सावलीला टेकल्या होत्या. मनीषानं पाण्याची बाटली तिच्यापुढं केली, पण ती बोलण्याच्या भरात होती.

आई गणपतीला गेलेली बघून तिनं दुकानातून आणलेली बाजरी पहिल्यांदा ओतली. चंद्रभागेला खळ्यावरची सवय. मळणी झाली की रात्री राशीवर पंजा उमटवून यायचं. सकाळी तो जसाच्या तसा असला, तर कुणी धान्याला हात लावलेला नाही. पोत्यातून वाट्या काढल्या की इथंही ती वरून दाणे सारखे करून पंजा दाबायची. उज्वलानं ओतलं आणि पंजा पुसला गेला. लिफ्ट वर येण्याचा आवाज येत होता. काही न सुचून तिनं स्वतःचा हात दाबला.

आणि बघते तर तोच हात. बोटांची लांबी तीच, करंगळी तशीच जराशी बाहेर वळलेली. चाळिशी उलटल्यावर तिला कळलं, की आपला हात आईचाच आहे. दारात आई येईपर्यंत ती तिथंच बसून राहिली. आईनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, गुडघा.

त्यानंतर वैशाखापासून नवरात्रापर्यंत पोतं काही सरेना. आषाढात जाईन, गणपती झाले की जाईन, पितरं जेवली की जाईन. गावाकडून फोन आला की चंद्रभागा ठसक्यात सांगायची, माझं खाते मी, सरलं की येते. उज्वला महिन्यातून एकदा भर घालायची आणि हात ठेवायची. जास्त ओतायचं नाही, आईच्या नजरेत भरेल एवढं वर जाता कामा नये. ओतताना ती मनात देवीचं नाव घ्यायची. खोटं वागतेय, सांभाळून घे, म्हणायची.

"मग बिघडलं कुठं?" मनीषानं विचारलं.

उज्वलानं उजवा हात पुढं केला. घर झालं त्या आनंदात दीपकनं तिच्यासाठी अंगठी करायला टाकली होती. सोनारानं लांबवत लांबवत ती घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दिली. जरा घट्टच झाली. बोटात गेली ती गेली, साबण लावूनही निघेना. आणि त्याच संध्याकाळी तिनं भर घातली. नेहमीसारखा हात दाबला, आणि उठली.

सकाळी ती डबा भरत होती. चंद्रभागा वाटी घेऊन पोत्याशी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग शांतपणे म्हणाली, "या पोताले बूड शे का नई?"

उज्वलाच्या हातातलं झाकण खाली पडलं. आईनं मागं वळूनही पाहिलं नाही. बाजरी घेऊन आत गेली, दळणाचा डबा भरला, आदल्या दिवशीच्या पिठाच्या भाकरी थापायला बसली, आणि तव्यावरची पहिली भाकरी फुगली तेव्हा गुणगुणत होती. ती गुणगुणते ते फक्त मन खूश असलं की.

आई आंघोळीला गेल्यावर उज्वलानं पोत्यात डोकावलं. दाण्यांवर तिचा रात्रीचा हात तसाच होता, बोटाच्या मुळाशी अंगठीची गोल खूण स्पष्ट उमटलेली. आईनं तो मोडला नव्हता. बाजूच्या कडेनं वाट्या काढून घेतल्या होत्या आणि शेजारी आपला पंजा उमटवला होता. नव्या घराच्या भिंतीवर हळदीचे हात असतात तसे दोन हात, एकाला एक लागून.

मनीषाचे डोळे भरले होते आणि तिनं पदर वर केला, उन्हाचं निमित्त करून.

रस्त्यावरून देवीचा उदो करत एक घोळका गेला. तो पुढं गेल्यावर मनीषा म्हणाली, "म्हणजे त्यांना कळलंय. मग आता लपवायचं कशाला? सरळ सांग ना, की राहा म्हणून."

"तसं नाही गं." उज्वला उठली, पायांवरची माती झटकली. "तिला कळलंय, आणि मला कळलंय हेही तिला कळलंय. पण उद्या गावाकडून फोन आला, तर तिला मान ताठ ठेवून सांगता आलं पाहिजे ना, माझं खाते म्हणून. मी तोंडानं 'राहा' म्हटलं, की ती त्या दिवशीच्या गाडीत बसेल. पोतं बोलतंय तोवर बरं आहे. आम्ही दोघींनी मध्ये पडू नये."

दोघी पुन्हा चालायला लागल्या. लांबवर डोंगरांची रांग दिसायला लागली होती. उज्वलानं गडाच्या बाजूला बघून हात जोडले, मग स्वतःशीच हसली आणि म्हणाली, की उरलेलं अर्धं तिकीटही देवीनं फाडलंच की, मलाच वाचता आलं नाही. काही पावलं गेल्यावर ती पुन्हा थांबली. तिनं मनीषाचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"तुझ्या बोटात काही नसतं, नाही?"

"नाही. का गं?"

"दिवाळीच्या आधी पोतं परत उतरेल. आई गणपतीला गेली की मी तुझं दार वाजवीन. बाजरी मी ओतीन. हात मात्र तू ठेव, माझी अंगठी काही निघत नाही."

"माझा हात केवढासा, उज्वला. त्यांना लगेच कळेल."

"कळू दे. बघेल आणि म्हणेल, आता शेजारीणही सामील झाली. तेवढी खूश होईल. ठेवशील ना?"