भुंडा हात

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलमध्ये तिच्या सुजलेल्या डाव्या हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. तिला इकडे शॉमबर्ग गावात माझ्या घरी आणल्यावर तो भुंडा हात मला बघवेना. मी शनिवारी चांदीकामाच्या क्लासला जाऊ लागले.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "माप मनगटाचं नाही, मिटलेल्या हाताचं घे. बांगडी तिथून आत जाते." आईला तो हात मिटता येत नव्हता. मीच तिची गार बोटं जुळवून माप घेतलं. चांदीची पट्टी वाकवली, डाख देऊन टोकं जोडली, कडा घासून गुळगुळीत केल्या.

बांगडी चढवली तेव्हा आई त्या हाताकडे परक्यासारखी बघत राहिली.

"छान दिसतेय ना?" मी विचारलं.

"दिसतेय गं. पण या हाताला काही कळतच नाही. उजव्यात घाल, मला जाणवेल तरी."

डाव्या हाताची सूज उतरून तो आता बारीक झाला होता; उजव्या हातात ती शिरेना. पुढच्या शनिवारी मी ती कापली, तुकडा जोडून मोठी केली आणि आईच्या उजव्या हातात घातली. तिने हात हळूहळू वरखाली केला.

"आता कळतंय वजन," ती म्हणाली आणि आजारपणात पहिल्यांदाच रडली.