न दिसणारा सांधा

माझे वडील घाटकोपरला एका पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठशांनी साड्या छापायचे. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की मी त्यांच्या हाताखाली. ते कैरीच्या नक्षीचा रेषेचा ठसा मारत पुढे जायचे, मी मागून रंग भरायचा ठसा मारायचे. माझा रंग रेषेबाहेर गेला की म्हणायचे, "बाय, तुझी कैरी शेजारणीच्या ताटात पडली." एक ठसा दुसऱ्याला भिडतो तो सांधा. तो दिसता कामा नये, एवढंच त्यांनी मला शिकवलं.

माझं लग्न ठरायच्या आदल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. तरी लग्न ठरल्यावर म्हणाले, "तुझी लग्नाची साडी मीच छापणार. तू हात लावायचा नाहीस." पदरापासून सुरुवात केली. ठसा डाव्या हाताने ठेवायचा, सोडायचा आणि त्याच हाताची मूठ वर मारायची. तेवढ्यात ठसा सरकायचा. दिवसाला एक ओळ व्हायची. पहिल्या तीन ओळी मी पाहिल्या, मग बघायचंच सोडलं.

तेव्हा मी मुलुंडला स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात होते. लग्न वैशाखात. पंधरा दिवस उरले तेव्हा नऊ ओळी झाल्या होत्या. या वेगाने साडी पुरी व्हायला श्रावण उजाडला असता. मी तोच ठसा कागदावर उठवून कारखान्यात नेला, त्याची स्क्रीन, म्हणजे रंग गाळून छापायची जाळीची चौकट, करून घेतली आणि एका सकाळी अख्खी साडी छापून आणली. त्यांचा त्रास वाचवला, असं मला खरंच वाटत होतं.

त्यांनी साडी टेबलावर पसरली. काठावरून बोटं फिरवत शेवटपर्यंत गेले.

"सांधा कुठाय गं?"

"नाहीच आहे, बाबा. स्क्रीनची आहे ना."

"एकपण नाही?"

"एकपण नाही."

"झकास झाली," ते म्हणाले. मग आपलं अर्धवट कापड माझ्याकडे सरकवलं. "हे टेबलावर उलटं अंथर. लग्नाची भांडी ठेवायला होईल."

मी अंथरलं. घरात शंभर कामं पडली होती.

लग्नानंतर चार महिन्यांनी ते गेले. शेड रिकामी करायला मी एकटीच आले. टेबलावरचं कापड ओढलं आणि घडी घालण्यासाठी सुलटं केलं. पहिल्या ओळीतल्या कैऱ्या एकमेकींवर चढल्या होत्या. तिसरीतल्या वाकड्या होत्या. सहावीत फटी होत्या, पण ओळ सरळ. नवव्या ओळीवर मी बोट फिरवत गेले. दोन सांधे सापडले. बाकीचे सापडले नाहीत.

तेव्हा त्यांच्या हातात अजून पंधरा दिवस होते. पदर पुरा झाला असता. बाकी साडी कोरी असती तरी लग्न लागलं असतं. मला ते सुचलं नाही.