हिरव्या फोकांची मोळी

कारकुनानं रिकामी टोपली माझ्या डोक्यावर पालथी घातली आणि हजेरीच्या रांगेला हसायला लावलं. भर दुपारी. मी दहा वर्षांची पोर. टोपलीच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता.

गुन्हा एवढाच, की बाबांचं नाव पुकारल्यावर घाबरून मीच ओरडले होते, "हजर हाय!"

आम्ही टोपल्या विणणारी माणसं. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरायचो. इंग्रज सरकारनं अख्ख्या जमातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, गाढवं काढून घेतली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून टाकलं. दिवसातून तीनदा हजेरी. परवान्याशिवाय बाहेर गेलं की तुरुंग.

आई बाळंत होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या घरात नवं मूल बापानं ओल्या फोकांनी, म्हणजे कोवळ्या लवचीक फांद्यांनी, विणलेल्या टोपलीतच निजवायचं. बाबांनी परवाना मागितला, मिळाला नाही. म्हणून ते तारेखालून सरपटत ओढ्याकाठचे फोक तोडायला गेले होते.

शिपायानं त्यांना धरूनच आणलं. काखेत हिरव्या फोकांची मोळी.

"कुठनं चोरलंस?" कारकुनानं विचारलं.

"वढ्याकाठचं हाय, सायेब. कुणाचंबी न्हाय."

कारकुनानं कागदावर चार ओळी खरडल्या. "अंगठा दे आणि घरी जा."

बाबांनी शाईकडे हात नेला. सुटका इतकी सोपी असते? मी टोपली भिरकावली आणि बाबांचा अंगठा मुठीत धरला.

"आदी वाचून दावा की, काय लिवलंय."

कारकुनाची एक कानाखाली बसली. मी मूठ सोडली नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"पोर म्हणती ते बराबर हाय. वाचा, सायेब."

त्यानं वाचलं नाही. तेव्हा सगळ्या रांगेला कळलं, कागदावर चोरीची कबुली होती.

बाबांना गैरहजेरीसाठी तुरुंगात नेलं. चोरी मात्र त्यांच्या नावावर लागली नाही. मोळी कचेरीच्या दारात वाळून गेली. माझा भाऊ फाटक्या लुगड्यावर निजला. अंगठा दिला असता तर बाबा घरी असते, असं आई चार दिवस म्हणत राहिली.

पाचव्या दिवशी मी वस्तीतल्या शाळेत जाऊन बसले आणि वर्षभरात वाचायला शिकले. अजून हजेरीची घंटा झाली की मी रांगेत उभी राहते. पण आता या तारेच्या आत कुणीही अंगठा उठवण्याआधी कागद माझ्याकडे आणतं. मी तो मोठ्यानं वाचते, कारकुनाच्या तोंडासमोर.